हद्दीवरचा नारळ

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर तांबडा डाग दिसतो ना, तो शेंदूर नव्हे.

माझा जन्मच मारझोडीत झाला. खाणीत सुरुंग लावून मला डोंगरापासून फाडलं, घणाने तोडलं आणि भांडुपच्या टेकडीखाली दोन भावांच्या जमिनींच्या मध्ये गाडलं. त्यांचे वडील कोकणातले. दरवर्षी राखण देताना, म्हणजे जागेच्या रखवालदाराला मान देताना, ते माझ्यावर नारळ फोडत. त्यांच्यामागे थोरला चंद्रप्रकाश नारळ फोडू लागला आणि धाकटा यज्ञेश खोबरं वाटू लागला. काय थाट होता तेव्हा माझा!

मग कर ठरवण्यासाठी पालिका जमिनीचं मूल्य काढणार असं कळलं. रस्त्याला लागलेल्या जागेचा दर चढा, आतल्या जागेचा कमी. मोजणीच्या आधीच चंद्रप्रकाशने पहारीने मला उपटून आपल्याच जमिनीत आत रोवलं आणि रस्त्याकडची आपली पट्टी धाकट्याच्या हद्दीत ढकलली. वाढलेला कर यज्ञेश निमूट भरत राहिला. दादापुढे बोलायची त्याची टाप नव्हती.

गेल्या वर्षी रस्ता रुंद करायचं ठरलं. त्या पट्टीची भरपाई यज्ञेशच्या नावे निघाली आणि चंद्रप्रकाश पहार घेऊन धावत आला.

“दगड परत जागेवर जाणार! पट्टी माझी आहे!”

“तूच उपटलास ना, दादा? इतकी वर्षं कर मी भरला. आता नाही हलणार,” म्हणत यज्ञेश माझ्यावर बसला.

पहार त्याच्या खांद्यावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याने भावाच्या पोटात लाथ घातली, मनगटाला कडकडून चावा घेतला. चंद्रप्रकाशने त्याची मानगूट धरली आणि डोकं माझ्यावर आपटलं. पुन्हा आपटलं.

“अहो, सोडा! मरेल तो!” चंद्रप्रकाशची बायको सुलक्षणा किंचाळत होती.

मला बाजूला होता आलं नाही, मित्रांनो. त्याचं दुःख आजही जात नाही.

चंद्रप्रकाश तुरुंगात आहे. यज्ञेश जगला, पण त्या दिवसाचं त्याला काहीच आठवत नाही, आणि कितीदा सांगितलं तरी ते त्याच्या डोक्यात टिकत नाही. परवा राखणीला तो नारळ घेऊन आला आणि माझ्याशेजारी बसून राहिला.

“भावजी, फोडा ना,” सुलक्षणा म्हणाली.

“थांबा वहिनी. दरवर्षी दादाच फोडतो. येऊ दे त्याला.”

मित्रांनो, जागेचा दर चढेल, उतरेल. मला मात्र रोवलंय तिथेच राहू द्या. मला नारळाचीच सवय आहे.