सहाव्या टाकीतली मासोळी

सुनंदाबाईंनी भिंग सहाव्या टाकीच्या काचेला टेकवलं आणि मासोळीचं पोट पुन्हा पाहिलं. अंड्यांनी टम्म फुगलं होतं. जूनमध्ये त्यांनी स्वतः सुई टोचली तो तर नर होता. वहीत तसं लिहिलेलंही होतं.

आता बोला! नराला अंडी कधीपासून व्हायला लागली?

बाईंनी चाळीस पट्टेरी मासोळ्यांना माशांचा एक जंतू टोचला होता, माणसाच्या क्षयाच्या जंतूचाच भाऊबंद. एकोणचाळीस पोळ्याच्या आतच मेल्या, एकच तगली. ती कशी तगली हे उमगलं, तर माणसाच्या क्षयावरही काही सुचेल. धुळ्याच्या त्या कॉलेजात ह्या एका आशेवर बाईंनी तीन वर्षं घासली होती. परवा अहवाल पुण्याला जायचा होता. आणि इतके दिवस ही एकुलती एक मासोळी त्या लांबूनच बघत आल्या होत्या, शहाण्या!

"उखर्डूभाऊ!"

प्रयोगशाळेचे शिपाई उखर्डूभाऊ फडक्याला हात पुसत आले. टाक्यांचं पाणी तेच बदलत.

"ही मासोळी कुठली?"

उखर्डूभाऊंनी मान खाली घातली. "ती तं मरी गयी, बाई. पोयाना दुसरा दिनले."

"मग ही?"

"पांझरा नदीमाईन धरी लयनू. ही सातवी शे. ह्या जंतूंच्या पाण्यात पंधरा दिवसांवर एक बी टिकत नही."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. "माझ्या तीन वर्षांची माती केलीत हो!" त्या ओरडल्या. "काय वाकडं केलं होतं मी तुमचं?"

"काहीच नही, बाई." उखर्डूभाऊ हातातलं फडकं पिळत म्हणाले. "मनी पुष्पी..."

पुष्पी त्यांची सोळा वर्षांची लेक. दोन वर्षं क्षयानं अंथरुणाला खिळलेली. नव्या गोळ्यांनी पोटात ढवळायचं. मरायचंच आहे तर कशाला, म्हणून ती थुंकून टाकायची.

"तुम्हीनच सांगं ना, एकली तगी गयी म्हनीसन. मी घर जाईसन पोरले सांगं. तवयपासून रोज सांजले इचारस, आबा, मासोळी जित्ती शे का? हां म्हनं, की गोया खाई लेस. ती मरनी, मंग मी पोरले काय सांगू?"

बाईंनी वही ओढली. 'चाळीसपैकी चाळीस मृत,' असं लिहिलं आणि खाली सही केली. सही करताना त्यांना रडू फुटलं.

"मले काढी टाका, बाई. पन आज घर जाईसन काय सांगू, तेवढं सांगा."

पदरानं डोळे पुसून बाई उठल्या. कोपऱ्यातली रिकामी टाकी त्यांनी दोनदा खळखळून धुतली, ताजं पाणी भरलं आणि जाळीनं मासोळी अलगद त्यात सोडली. मासोळी क्षणभर तळाशी बसली, मग कडेकडेनं फिरू लागली.

"किती दिवस घ्यायच्यात गोळ्या?"

"आजून सहा महिने, म्हने डॉक्टर."

"हिला मी मरू देणार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही जा घरी. पोर वाट बघत असेल."