एका दुपारचं राज्य

बाबा गेले त्याला सव्वा महिना झाला. काल त्यांच्या कपाटात नाटकाची जुनी वही सापडली आणि ती दुपार जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहिली.

बाबा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेतल्या एकाच स्टुलावर बसून सत्तावीस वर्षं त्यांनी नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. घरातही ते कुजबुजतच बोलत. हा माणूस भांडला तरी शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही, असं आई म्हणायची.

त्या दिवशी दुपारच्या प्रयोगाला अर्धा तास उरला असताना राजाचं काम करणाऱ्या नटाचा घसा बसला. थिएटर गच्च भरलेलं. राजाची सगळी वाक्यं पाठ असलेला माणूस एकच होता. बाबांच्या अंगावर झगा चढवला तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. एकदा तरी राजा व्हायचं त्यांच्या किती मनात होतं, हे फक्त आईला आणि मला ठाऊक. मॅनेजरने बजावलं, "शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला नाही, तर पहिल्याच प्रवेशात पडदा पाडीन."

आई आणि मी प्रयोग बघायला आलो होतो; स्टुलावर वही देऊन मला बसवलं. मी एकोणीस वर्षांची होते.

"ओळीवर बोट धरून ठेव," बाबा म्हणाले. "माझ्याकडे बघू नकोस."

पडदा वर गेला. बाबा सिंहासनापुढे उभे राहिले. ओठ हलले, आवाज नाही. मॅनेजरचा हात पडद्याच्या दोरीकडे गेला. तेवढ्यात बाबांनी सवयीने बोट जिभेला लावलं, हवेतलं एक पान उलटलं, आणि आवाज फुटला. असा फुटला, की वरचा दिवेवाला खाली वाकून बघायला लागला. मॅनेजरने दोरी सोडून दिली.

पुढे तासभर बाबांनी राज्य केलं. दोन दूत हाकलले, एक तह मोडला, राणीला खरंखुरं रडवलं, आणि मध्ये मध्ये हवेतली पानं उलटत राहिले. लोकांना वाटलं, ही राजाची ऐट. तिसऱ्या पानाला तर टाळ्या पडल्या.

मग सेनापती उलटला. राजा पडला, मेला. आता सेनापतीने प्रेतापाशी शेवटचं वाक्य बोलायचं आणि त्यावर पडदा पाडायचा. सेनापतीने तोंड उघडलं आणि तो तसाच राहिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी वहीकडे पाहिलं. माझं बोट सात पानं मागे होतं. कितीतरी वेळ मी बाबांकडेच बघत होते. भराभर पानं उलटली, ओळ काही सापडेना.

इतक्यात मेलेल्या राजाचे ओठ हलले.

"सिंहासन रिकामं आहे," राजा कुजबुजला. "कोण बसतो, ते बघू."

सेनापती गरजला. पडदा पडला. टाळ्या थांबेनात. घामाने निथळणारे बाबा उठले ते थेट माझ्याकडे आले आणि त्यांनी विचारलं, "कितव्या पानावर होतीस?"

आई मागून म्हणाली, "मेल्यावर तरी स्वस्थ पडायचं होतं."

दुसऱ्या दिवशी नटाचा घसा सुटला आणि बाबा स्टुलावर परतले. पुन्हा कधी राजा झाले नाहीत.

वहीत त्या शेवटच्या वाक्याशेजारी, समासात, त्यांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय: "येथे सेनापती अडकतो. मुलगी वर बघते. राजाने जागे राहावे."

मी त्या ओळीवर बोट धरून बसले.