काढून टाकलेला गंज

माळ्यावरचा गंज जागेवर नाही हे दिसलं, तेव्हा चतुराबाईनं आधी सुनेच्या तोंडाकडं पाहिलं. एरवी बाई शहाणी, पण शंका घ्यायला तिला कुठलंही निमित्त पुरायचं. दूध नासलं तर शेजारणीची नजर, विहिरीवरची मोटार जळाली तर शेजारच्या बांधकऱ्याची करणी. कल्हईवाल्याला तर तिनं आजवर दारात उभं राहू दिलं नव्हतं. मेला पितळ खरवडून नेतो, अशी तिची पक्की समजूत होती.

वऱ्हाडात पातेल्याला गंज म्हणतात. हा गंज पितळेचा, पन्नास माणसांची भाजी शिजेल एवढा, चतुराबाईला आईनं आंदणात दिलेला. रविवारी शेतात मिरचीच्या भाजीचा बेत होता. हिरव्या मिरच्या, तुरीची डाळ, वांगी आणि वरून चिंचेचा कोळ. ही भाजी स्टीलच्या भांड्यात करायची म्हणजे तिच्या मते पाहुण्यांचा अपमानच.

पण खरा प्रश्न भाजीचा नव्हता. चतुराबाईचे गुडघे कामातून गेले होते आणि ऑपरेशनसाठी तिला अकोल्याला जाऊन राहायचं होतं. जाताना घराच्या किल्ल्या सुनेच्या, योगिनीच्या हाती द्यायच्या की नाही, यावर तिचं मन महिनाभर खालीवर होत होतं. योगिनी साताऱ्याकडची. चतुराबाईचा मुलगा गजेंद्र पुण्यात नोकरीला होता, तिथंच दोघांचं जुळलं. आता संक्रांतीनंतर हळदीच्या शेतीपायी दोघं मानोऱ्याजवळच्या या गावात येऊन राहिली होती. योगिनीनं घर झाडावं, कपडे धुवावेत, माळा साफ करावा, याला सासूची हरकत नव्हती. चुलीजवळ मात्र अजून फिरकू दिलेलं नव्हतं.

गंज नाहीसा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी योगिनी परसात फोनवर आईशी बोलत होती. चतुराबाई न्हाणीच्या भिंतीआड उभी राहिली. ऐकायला नव्हे हो, नुसती उभी राहिली.

"गंज पार काढून टाकला गं मम्मी," योगिनी हसत सांगत होती. "किती वर्षांचा होता कुणास ठाऊक! नाही, सासूबाईंना अजून कळू दिलं नाही."

आईची आठवण या पोरीनं भंगारात घातली आणि वर हसते! तिला तिथंच झिंज्या धराव्याशा वाटल्या. पण तिनं स्वतःला आवरलं. चोर पुराव्यासकट धरायचा, तोही चार माणसांत.

योगिनी दळण आणायला गेली तशी चतुराबाई तिच्या खोलीत शिरली आणि तिची बॅग उघडून बसली. एवढा मोठा गंज बॅगेत मावत नाही, हे तिलाही कळत होतं. पण शंकेनं पछाडलेल्या माणसाला मापं कुठली दिसायला? साड्या निघाल्या, माहेरचा फोटो निघाला, बापाची जुनी मफलर निघाली. तिनं सगळं होतं तसं ठेवून दिलं. निदान तिला तसं वाटलं.

बहीण लिलाबाई जऊळक्याहून भाजीसाठी आली होती. चतुराबाईनं तिच्यापुढं मन मोकळं केलं.

"मी तुले आधीच सांगतलं होतं," लिलाबाई म्हणाली, "लांबची पोरगी सून करू नको. किल्ल्या माह्यापाशी ठेव अन् बिनघोर जाय."

रविवारी सकाळी शेतात लिंबाखाली दगडांची चूल मांडली. बायका मिरच्यांची देठं काढत होत्या. चतुराबाईचा नवरा बबनराव पहाटेच कुठंतरी निघून गेला होता. कुठं, ते त्यानं सांगितलं नव्हतं, म्हणजे त्याच्यावरही चतुराबाईचा संशय होताच. सगळ्यांसमोर ती सुनेपुढं जाऊन उभी राहिली.

"गंज कुठी आहे?"

"गंज?" योगिनीचा चेहरा खुलला. "तुम्हाला कसं कळलं? सगळा काढला, आई. आता औषधाला सापडायचा नाही."

"कोनाले देला?"

"कुणाला म्हणजे? घासून घासून काढला, मातीत गेला."

"मातीत!" चतुराबाईचा आवाज चढला. "माह्या मायचा गंज मातीत घातला? आयकलं व लिला? चोर ते चोर, वरून हसून राह्यली!"

चोर म्हटल्याबरोबर योगिनीचा चेहरा उतरला. तिनं मुकाट्यानं गोणपाटाखालून एक लोखंडी कढई बाहेर ओढली. गोठ्यात कितीतरी वर्षं पडून राहिलेली ती कढई आता काळीभोर, स्वच्छ झाली होती. "मिरच्या लोखंडात चांगल्या परततात म्हणून घासली. हिचा गंज काढला."

गजेंद्र सरपण टाकून धावत आला. आधी त्याला काही उमगेना, आणि उमगलं तेव्हा हसू आवरेना. "माय वं, त्यायच्याकडं जंगाले गंज म्हनतात! अन् आपल्या गंजाले पातेलं."

"मंग माहा गंज कुठी आहे?" चतुराबाई अजून हटेना.

"पातेलं होय?" योगिनी हळूच म्हणाली. "ते बाबांनी नेलंय."

एवढ्यात बांधावर ऑटो थांबला. गंज कवेत धरून बबनराव उतरला. आतून चांदीसारखी कल्हई चमकत होती.

"वाशिमले कल्हईले टाकला होता, आज आनला," तो म्हणाला. "माळा झाडताना सूनबाईनंच दाखवलं, आतली कल्हई पार उडाली म्हून. चिंच टाकली असती तं भाजी कळकली असती, पन्नास मानसं ओकत बसली असती."

"मंग मले काहून नाही सांगतलं?"

"तुले सांगतलं असतं तं तू नेऊ देला असता काय? मीच पोरीले गप राह्यजो म्हनलं."

सगळा लिंबाखालचा गोतावळा हसला. चतुराबाईही हसली, जरा उशिरानं, पण मोकळेपणानं. मिरच्या कढईत परतल्या आणि भाजी गंजात शिजली. नाकाडोळ्यांतून पाणी काढत लोकांनी भाकरी कुस्करून खाल्ली. चतुराबाईनं सुनेचं ताट स्वतः वाढलं. पोरीवर उगाच आळ घेतला, हे तिला आतून टोचत होतं. ते टोचणं संपवायचा एकच रस्ता तिला दिसला.

जेवणं उरकल्यावर योगिनी हौदापाशी कढई घासत बसली होती. चतुराबाईनं कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि तिच्यापुढं धरला. "घे व. मी येईस्तोवर घर तुह्यं."

योगिनीनं हात पुढं केला नाही. "नको, आई."

"काहून? गंजाचं मनात ठेवलं काय? शबुदाचा घोटाळा होता तो."

"ते मी कधीच विसरले." योगिनीनं कढई पालथी घातली. "पण मी साड्यांच्या घड्या उभ्या घालते. परवा बॅग उघडली, तर सगळ्या आडव्या होत्या. माझ्या वडिलांची मफलरसुद्धा उलगडून बघितलेली."

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते चतुराबाईला त्या हौदापाशी कळलं.

"अकोल्याला मी तुमच्यासोबत येते," योगिनी म्हणाली. "धरून चालवीन, काय लागेल ते सगळं करीन. किल्ल्या मात्र लिलामावशींकडे द्या. घरात काही सापडलं नाही, तर पुन्हा माझी बॅग कुणी उघडायला नको."

मागं उभ्या लिलाबाईनं लगेच हात पुढं केला. चतुराबाईनं त्या हाताकडं पाहिलंही नाही. ती जुडगा तसाच धरून सुनेपुढं उभी राहिली, आणि योगिनी उठून कढई उचलून निघून गेली.