राणीचा खुराक

हिम्मतराव आमच्या घोडीला चोरून वरातींना नेत असावा, असा संशय माझ्या मनात प्रथम माघाच्या शुक्ल पक्षात उत्पन्न झाला. लग्नसराई भरात होती आणि राणीची पावले आखूड पडू लागली होती.

आमची घोडी असे म्हणतो खरा. वस्तुतः ती अर्धीच आमची. शर्यतींतून निवृत्त झालेली ही कुमैत, म्हणजे काळपट तांबडी, घोडी माझा मुलगा गिरीश याने तीन वर्षांपूर्वी माझी नात केतकी हिच्यासाठी घेतली. तेव्हा परवडत होते. पुढे दाणा महागला, नालबंदाची फेरी महागली, केतकीच्या दिलसुखनगरच्या शिकवणीचे शुल्क वर येऊन बसले. आणि गिरीशने अर्धा वाटा अश्विनीबाईंना दिला. त्या पुण्याहून इकडे हैदराबादेस संगणकाच्या नोकरीस आलेल्या, हौसेने घोड्यावर बसणाऱ्या. मंगळवार, गुरुवार, रविवार केतकीचे. सोमवारी घोडीची विश्रांती. उरलेले वार बाईंचे. केतकीच्या वर्षाला चार स्पर्धा होत असत, त्या एकीवर आल्या होत्या. ती एक येत्या रविवारी होती.

"ही शेवटची," गिरीश जेवताना म्हणाला होता. "पहिल्या तिघांत आलीस तर पुढचं वर्ष बघू. नाहीतर घोडी विकायची."

भाताचा घास केतकीच्या हातात तसाच राहिला होता.

गंडीपेटच्या वाटेवरील ज्या तबेल्यात राणी असे, तेथे दिवाळीनंतर तिचे ओट निम्मे झाले आणि त्यांच्या जागी कोंडा आला. हे उभय घरांच्या संमतीनेच झाले. मला मात्र ते सहन होईना. ज्या प्राण्याला सूर्यनारायणाने आपल्या रथाला जोडून घेतले, त्याच्यापुढे कोंड्याची पाटी ठेवायची? मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. घोड्यांविषयी माझे ज्ञान ग्रंथांपुरते, परंतु श्रद्धा उदंड. म्हणून रोज दुपारी नल्लकुंट्याहून दोन बस बदलून मी तबेल्यात जाऊ लागलो. सोबत देवापुढे ठेवलेला गूळ आणि भिजवलेले चणे. प्रथम मूठभर नेत असे. कोंडा वाढला तशी माझी पिशवीही जड होत गेली. अखेर अखेर गुळाची एक लहान ढेप दोन दिवसांत संपे. घरी कोणास सांगितले नाही. दानाचा उच्चार झाला की त्याचे पुण्य क्षीण होते, असे माझे वडील म्हणत आणि तसेच वागत.

तो उपचार पाहणारा एकच मनुष्य, घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार हिम्मतराव. पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादेत राहिलेल्या मराठा घराण्यातला, पन्नाशीचा, मिशा राखलेला. त्याने मला दोनदा टोकले होते.

"पंतोजी, रोज रोज नक्को. हात आवरा जरा."

मी हसून दुर्लक्ष केले. मनात मात्र नोंद झाली. ज्याचा डोळा जनावराच्या दाण्यावर असेल, त्याला दुपारचा साक्षीदार कसा आवडावा?

त्या गुरुवारी पहाटे गिरीशला काम असल्यामुळे केतकीसोबत मी गेलो. राणी डावीकडे वळेना. लहानशा अडथळ्यावरून उतरताना ती काचेवर पाय ठेवावा तशी उतरली. केतकी पायउतार झाली.

"आजोबा, समथिंग इज राँग. ही पुढच्या पायांवर वजनच टाकत नाहीये."

मी वाकून खुरांना हात लावला. ती उन्हातल्या दगडासारखी ऊबदार होती आणि सूर्य अजून वर आला नव्हता. उठताना आयाळीत काही चकाकले. सोनेरी चमकी! डांबरी रस्ता, बँडबाजा, पाठीवर नवरदेव. सारे चित्र मनापुढे क्षणात उभे राहिले.

हिम्मतराव राणीच्या तोंडाला बांधायचा दाण्याचा तोबरा धूत होता. मी आडून विचारले, "लग्नसराई जोरात दिसते, हिम्मतराव."

"पूछो मत, पंतोजी! परेशान झालो. काल गौलीगुड्यात होतो, पाय दुखायलेत."

"एकटाच होतास?"

"एकटा कशाला? सगळी बारात होती की!" तो मोठ्याने हसला. "तुम्ही पण यायचं होतं. तुम्हाला बी नाचवलं असतं."

निर्लज्जपणाची परिसीमा, असे मला वाटले. घरी पोहोचताच मी अश्विनीबाईंना फोन केला.

"आजोबा, नक्की का?" त्यांचा स्वर थकलेला होता. "माझं घरभाडं या महिन्यात वाढलंय. तरी मी वाटा सोडला नाही, कारण रविवारी केतकीनंतर मीही उतरणार आहे. आणि तो माणूस तिला रस्त्यावर नाचवतो?"

"खुरे तापली आहेत. आयाळीत चमकी आहे. त्याने स्वमुखाने वरातीचे सांगितले."

"मग उद्याच्या उद्या त्याला काढायला लावते."

शुक्रवारी गिरीश सोडून आम्ही सारे तेथे जमलो. केतकी शिकवणी बुडवून आली. अश्विनीबाईंनी पशुवैद्य डॉक्टर मिलिंद यांना आणले होते. तबेल्याच्या व्यवस्थापकास बाईंनी आधीच सांगून ठेवले होते की, आज हा मनुष्य येथे राहिला तर आमची घोडी राहणार नाही. महागाईमुळे तबेल्याचे अर्धे गाळे रिकामे झालेले. व्यवस्थापक एक घोडी गमावण्यास तयार नव्हता. त्याने हिम्मतरावाला हिशेब घेऊन जाण्यास सांगितले.

हिम्मतरावाचा चेहरा काळवंडला. "बारातीला? राणीला? बाई, भाचीचं लगीन होतं माझ्या. मी नाचलो, मी! अंगावरची चमकी झाडायला वेळ नव्हता, तसाच येऊन खरारा केला. त्या रात्री घोडी कुठं होती ते चौकीदाराला विचारा."

"चौकीदार तुझाच ना," मी म्हणालो. हे वाक्य माझ्या मुखातून निघाले, हे मी लपवू इच्छीत नाही.

तोवर डॉक्टर मिलिंद गुडघ्यावर बसून राणीच्या खुरांच्या वरची नस चाचपत होते. राणी पुढचे पाय लांब टाकून, भार मागे घेऊन उभी होती. ते उठले.

"वरातीचा काही संबंध नाही. दोन्ही पुढच्या खुरांच्या आत दाह आहे. गोड किंवा पिठूळ खाणं अति झालं की होतो. कोंड्याचं प्रमाण बेताचं दिसतंय. आणखी काय खाते ही?"

अश्विनीबाई हिम्मतरावाकडे पाहू लागल्या. हिम्मतराव माझ्याकडे पाहत होता.

त्याला एका शब्दात स्वतःला सोडवता आले असते. तो बोलला नाही. ही उदारता होती, की माझ्या परीक्षेचा क्षण त्याने जाणून लांबवला होता, हे मला आजही सांगता येत नाही. मी मौन धरले असते तर त्याची भाकरी गेली असती, माझे दान गुप्तच राहिले असते आणि जगाच्या दृष्टीने मी एक चिंतातुर आजोबा उरलो असतो. असा विचार माझ्या मनात आला आणि किमान एक श्वास तेथे थांबला.

"मी देत होतो," मी म्हणालो. "गूळ आणि चणे. रोज."

"किती?" डॉक्टरांनी विचारले.

मी सांगितले. अश्विनीबाईंनी डोळे मिटले.

"यांनी मला दोनदा थांबवले होते," मी हिम्मतरावाकडे वळून हात जोडले. "हिम्मतराव, मी तुम्हाला चोर ठरवले. मला क्षमा करा."

"हात नका जोडू, पंतोजी, पाप लागतंय मला," तो कोरडेपणाने म्हणाला. "मॅनेजरला सांगा ते. मला सांगून काय?"

मी व्यवस्थापकास सर्वांसमक्ष पुन्हा सारे सांगितले. त्याने हिशेबाचा कागद फाडला. डॉक्टरांनी निदान तीन महिने खोगीर नाही, असे सांगितले. मऊ पेंढा, भिजवून गोडवा काढलेले वाळके गवत आणि बर्फाचे पाणी. रविवारची स्पर्धा हातची गेली.

"बाबा विकतील तिला," केतकी म्हणाली.

"लंगडी घोडी कोण घेतं गं?" अश्विनीबाई उद्गारल्या आणि लगेच त्यांनाच आपल्या शब्दांची लाज वाटली. "मी वाटा सोडणार नाही. बघू काय होतं ते."

केतकी माझ्याजवळ आली. "आजोबा, एकदा मला विचारायचं होतं. फक्त एकदा."

माझ्यापाशी उत्तर होते. परंतु पुण्य क्षीण होईल म्हणून विचारले नाही, असे सोळा वर्षांच्या मुलीला सांगण्याचे धैर्य नव्हते.

हिम्मतरावाने बर्फ आणला. राणीचा एक पाय बादलीत ठेवून तो म्हणाला, "पंतोजी, दोरी धरा. नुसते उभे काय राहता?"

मी दोरी धरली. राणीने नेहमीच्या सवयीने आपले नाक माझ्या तळव्याशी आणून हुंगले. मी मान वर केली. केतकी घोडीच्या खुरांकडे पाहत नव्हती; तिची दृष्टी माझ्या दोन्ही हातांवर खिळली होती, आणि मी तेथून निघेपर्यंत ती तिने हलवली नाही.