साहेबांची व्हिजिट मीच करतो

मी शिक्का बोलतोय. लाकडी मूठ, रबराचं तोंड आणि त्यावर डॉ. राजवर्धन यांचं नाव. पलूसच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरीला आहे. पगार नाही, पण शाई पोटभर मिळते.

इथला नियम भिंतीवर लावलाय. मोठ्या डॉक्टरांची व्हिजिट आठशे रुपये, सहायकाची तीनशे. सहायक म्हणजे स्वप्नाली. ती डॉक्टर नव्हे, पण पेशंट तपासायचं रीतसर शिकून आलेली. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक खाटेपाशी तीच जाते. मग बिलं करणारे भाऊसो मला कागदावर उमटवतात आणि तीनशेचे आठशे होतात. एवढा गुण साहेबांच्या औषधालाही नाही.

भाऊसो फार कामसू. रोज शिक्का मारायचा कंटाळा, म्हणून सोमवारीच आठवड्याचे सगळे रकाने उरकून टाकतात. साहेब शुक्रवारी कुणाला तपासणार, हे त्यांना सोमवारीच कळतं.

गेल्या महिन्यात एका सोमवारी बनुबाई न्यूमोनियानं दाखल झाल्या. गुरुवारी त्यांना धाप लागली, तेव्हा स्वप्नालीनंच ऑक्सिजन लावला आणि साहेबांना फोन केला. फोनमधून लग्नाचा बँड ऐकू येत होता.

शनिवारी घरी जायच्या वेळी बनुबाईंचे नवरे केरबा बिल वाचू लागले. केरबा लग्नसराईत फेटे बांधतात.

"भाऊसो, गुरुवारी डाक्टर दोनदा आलं व्हतं?"

"शिक्का हाय की त्येंचा."

"आवं, गुरुवारी मी रहिमतपूरच्या लग्नात व्हतो. डाक्टरांना फेटा म्याच बांधला. दिवस मावळंपतूर त्येंनी काढला न्हाई."

भाऊसोंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आपल्या पायांनी कागदावर चढलो होतो. त्यांनी पाच दिवसांच्या दहाही व्हिजिटी घाईनं खोडल्या.

"जावा आता. व्हिजिटचं कायबी देऊ नका."

केरबा हलले नाहीत. "फुकट कशापायी? ह्या ताईनं बघितलं म्हणून माझी बायको घरला चाललीया. तिचं नाव लिवा, तीनशे लिवा. मग भरतो."

तिच्या नावाचा शिक्काच दवाखान्यात नाही. स्वप्नालीनं पेन काढलं आणि दहा वेळा सही केली. इथल्या दोन वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच. एकही सही दुसरीसारखी नव्हती. मला तिचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

सोमवारी भाऊसोंनी मला पुन्हा कामाला लावलं. तेव्हा तुमचं माणूस इथं असेल, तर तपासायला कोण येतं ते त्यालाच विचारा. मला विचारू नका, मी आठशेच सांगणार.