दुसरं गिऱ्हाईक

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी कुंदनभाईंनी वैशालीला सुरतेजवळच्या इच्छापोरमधल्या आपल्या कारखान्यात बोलावून बजावलं की फोन फाटकावर ठेवायचा आणि बैठकीतलं बैठकीतच विसरायचं. वैशालीला हसू आलं. सुरतेच्या कापडवाल्यांसाठी स्पॅनिशची दुभाषी म्हणून ती बरीच वर्षं काम करत होती. साड्यांचे रंग आणि मालाच्या तारखा यांत विसरण्यासारखं तरी काय असायचं? पण या वेळचा माल कापड नव्हता.

दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाला आपली जुनी लढाऊ विमानं विकायची होती. त्याच जातीची विमानं आपल्याकडे अजून उडत होती आणि ती बनवणाऱ्यांनी सुटे भाग करणं कधीच सोडलं होतं. कुंदनभाईंचा विचार होता की ती विमानं आणायची, सुटी करायची आणि इंजिनं, भाग दुरुस्त करून हवाईदलाला पुरवायचे. पण या मालाला दुसरंही गिऱ्हाईक होतं. आशियातल्याच एका देशाला ती विमानं जशीच्या तशी उडवायला हवी होती, आणि त्यांचा राजदूत तिकडच्या मंत्र्याच्या दारात ठाण मांडून बसला होता.

कुंदनभाई पाहुण्यांसाठी भरवशाची गाडी हवी म्हणाले तेव्हा वैशालीनं आपल्या नवऱ्याचं नाव सुचवलं. नितीनची स्वतःची टुरिस्ट गाडी होती. लिंबायतला त्यांच्या गल्लीत ती लावायला जागा मिळायची नाही, पण गाडी आरशासारखी लखलखीत असायची.

पाहुणा एकच आला. कर्नल इबार्रा, पिकलेल्या केसांचा, हळू बोलणारा माणूस. त्यानं स्वतः ती विमानं उडवली होती. पहिल्या बैठकीत त्यानं कारखाना बारकाईनं पाहिला, चहा मागून घेतला आणि दिल्लीची परवानगी आली का, असं सहज विचारलं. कुंदनभाईंनी खरं ते सांगितलं की अजून नाही, पण येईल. वैशालीनं शब्दाला शब्द पोचवला.

संध्याकाळी भाकरी थापताना तिच्या तोंडून ते निसटलं. नितीननं विचारलं, पाहुणा किती दिवस राहील, म्हणजे बाकीची भाडी घ्यायची की नाही ते कळेल. ती म्हणाली, दिल्लीची परवानगीच आलेली नाही, तेव्हा लांबेल असं वाटतं. तो हं म्हणाला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कर्नलनं खुर्ची ओढत सांगितलं की आपल्या मंत्र्यांना काल त्या राजदूतानं गाठलं. सुरतेच्या लोकांच्या हातात दिल्लीचा कागद नाही, आमचं सगळं तयार आहे, असं तो म्हणाला. हे वाक्य हिंदीत करताना वैशालीला भाकरी थापताना निसटलेलं आपलंच बोलणं ऐकू आलं. कुंदनभाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि ती नजर दिवसभर तिच्या पाठीवर चिकटून राहिली.

मग तिला एकेक आठवायला लागलं. काल दुपारी कारखान्यासमोरच्या टपरीवर नितीन एका अनोळखी माणसाबरोबर उभा होता. ती जवळ जाताच तो माणूस चहा अर्धा टाकून निघून गेला होता. गाडीत बसताना नितीननं कोणाचा तरी फोन चटकन बंद केला होता. एरवी या गोष्टींकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नसतं.

घरी पोचल्यावर ती चप्पलही न काढता उभी राहिली. घरात ते दोघं अहिराणीतच बोलायचे.

"तू कोणले काही सांगं का?"

नितीननं मान वर केली. आधी त्याला समजलं नाही, मग समजलं. तो म्हणाला की तो माणूस दलालासारखा वाटत होता, गाडीत साहेब काय बोलतो ते विचारत होता. मला रस्ते कळतात, ती भाषा कळत नाही, असं सांगून त्याला वाटेला लावलं. नंतर त्याचाच फोन आला म्हणून बंद केला. तू घाबरशील, काम सोडशील, म्हणून तुला बोललो नाही.

हे सगळं पटण्यासारखं होतं. तरी वैशालीनं हात पुढे केला आणि त्याचा फोन मागितला.

"तुले असं वाटस?" तो म्हणाला. पण फोन दिला. तिनं उभ्या उभ्या सगळं चाळलं. त्यात तो एक अनोळखी नंबर सोडून काहीच नव्हतं, आणि काहीच नाही हेसुद्धा तिला पुरेसं वाटेना. पुसून टाकलं असेल तर? त्यानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंदनभाई कर्नलला घेऊन कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत गेले. बरोबर फक्त वैशाली होती. तिथे उभं राहून ते म्हणाले की तुमच्याकडे जी थोडी विमानं उरतील, त्यांच्या इंजिनांची दुरुस्तीही आम्ही करून देऊ. हे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही, माझ्या भागीदारालाही नाही. कर्नलनं मान डोलावली. वैशालीनं ते घरी नेलं नाही. नेणार तरी कोणाजवळ? नितीन भिंतीकडे तोंड करून झोपला होता.

सकाळी कर्नलनं दिलगिरीच्या सुरात सांगितलं की त्या दुसऱ्या देशानंही नेमकी दुरुस्तीचीच तयारी दाखवली आहे, शिवाय आमच्या बंदरासाठी कर्ज देऊ केलं आहे. मंत्र्यांनी त्यांना होकार कळवला. तो उठून हात धुवायला गेला तेव्हा कुंदनभाई तिच्याकडे वळले.

"वैशालीबेन, काल तिथे आपण तिघंच होतो."

"हो. आणि त्यातले दोघं इथे बसलोय."

ते म्हणाले की एका देशाच्या कर्नलवर असा आळ घेणं सोपं नाही, आणि घेऊन आता मिळणार काय? तिचं म्हणणं त्यांना पटलं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना. पाहुण्याला विमानतळावर सोडून या, एवढंच त्यांनी सांगितलं. पुन्हा या, असं म्हणाले नाहीत.

गाडी हजिऱ्याच्या रस्त्याला लागली. ट्रकांची रांग होती, हवेत कोळशाची धूळ होती. नितीन समोर बघून चालवत होता. वैशाली पुढच्या सीटवर वळून बसली आणि तिनं स्पॅनिशमध्ये सरळ विचारलं, "तुम्हीच सांगितलंत ना त्यांना?"

कर्नलनं खिडकीबाहेर पाहतच उत्तर दिलं.

"बाई, एकच गिऱ्हाईक असलं तर ते आपल्या सोयीनं भाव देतं. त्या देशाला जागं करून भाव वाढवायला आम्हाला कोणीतरी दुसरं हवं होतं. तुमच्या शेठनं मेहनत केली, मला वाईट वाटतं."

"आणि संशय माझ्यावर आला त्याचं?"

"तुमच्यावर येईल असं वाटलं नव्हतं," तो शांतपणे म्हणाला. "बहुतेक वेळा ड्रायव्हरवर येतो."

नितीननं आरशात पाहिलं. आपल्याबद्दल काहीतरी चाललंय हे त्याला जाणवलं असावं. साहेब काय म्हणतोय, त्यानं विचारलं. दोन दिवसांत त्यानं तिला विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

वैशालीला काहीबाही सांगून वेळ मारून नेता आली असती. पण आयुष्यभर ती दुसऱ्यांची वाक्यं इकडची तिकडे न करता पोचवत आली होती. तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, ड्रायव्हरचं वाक्यही. नितीननं ऐकून घेतलं. पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो हळूच म्हणाला, "याला तर मी परका होतो."

विमानतळावर त्यानं कर्नलची बॅग उतरवून दिली आणि नमस्कारही केला.

महिनाभरानं व्यवहाराची बातमी पेपरात आली. सुरतेचं नाव त्यात कुठेच नव्हतं. कुंदनभाईंनी फोन केला, चूकभूल माफ करा म्हणाले आणि दुसऱ्या एका कारखान्याला तिचं नाव सुचवल्याचंही सांगितलं. वैशालीला बरं वाटलं.

नितीनची तिनं माफी मागितली. त्यानं ती तिथल्या तिथे दिली, वर थट्टाही केली. आता ते पूर्वीसारखेच बोलतात, भांडतात, रविवारी कडोदऱ्याला तिच्या बहिणीकडे जातात. फक्त तिला कामाचा फोन आला की नितीन ताटावरूनसुद्धा उठतो आणि गॅलरीत जाऊन उभा राहतो. बस ना, ती खुणेनं सांगते.

"तुनं काम शे," तो म्हणतो, आणि बाहेर जाताना दार ओढून घेतो.