टकलाचा सूड उशिरा उगवतो

मित्रांनो, माझ्या मालकाचं लग्न ठरलं आणि ते माझ्यामुळेच ठरलं. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही घडलेलंच नाही. मी सूड घ्यायला निघाले होते आणि सूडच घेतला, एवढंच ध्यानात ठेवा. आता रीतसर सुरुवात करते.

मी एक जुनी कातडी आहे. मुक्काम डोक्यावर. शिकलेले लोक मला त्वचा म्हणतात, मालकाची ताई टक्कल म्हणते आणि मालक विषयच बदलतो.

माझं बालपण केसांखाली अंधारात गेलं. तेल मला चोळायचे आणि कौतुक केसांचं करायचे. मी खाली बसून दात-ओठ खायचे. मला दात नाहीत, ओठही नाहीत, तरी खायचे. पुढे केस गेले. कंगव्यातून, उशीवरून, मोरीच्या जाळीतून, एकेक करून गेले. मी एकालाही निरोप दिला नाही.

पण केस गेले आणि ऊन आलं. मालक मैदानावर कामाला. चुन्याची फक्की मारून रेषा आखायच्या, गवताला पाणी द्यायचं, रोलर ओढायचा. खेळाडू त्याला फक्कीशेठ म्हणतात. पहिल्याच उन्हात मी लालबुंद झाले आणि सोलून निघाले. मात्र मी ऐकून घेणाऱ्यांपैकी नव्हे. माझ्या तळाशी रंग बनवणाऱ्या पेशी आहेत. उन्हाचा मार बसला की त्या मेलॅनिन नावाचा तपकिरी रंग करायला घेतात आणि शेजारच्या पेशींना वाटतात. शेजारणी तो आपापल्या गाभ्यावर छत्रीसारखा धरतात, कारण ऊन नेमकं तिथेच घुसून नासधूस करतं. शिवाय मी जाड होते, ते वेगळंच. या सगळ्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे अपमान आज करा, उत्तर परवा मिळेल.

रोज थोडं ऊन, रोज थोडा रंग, असं करत मी भाजलेल्या विटेसारखी पक्की झाले. यावर ताई काय म्हणाली? "अरे, डोकं आहे की तवा?"

मालकाने माझी बाजू घ्यायला हवी होती. पण त्याचा जीव अडकला होता रंगाच्या दुकानात. तिथे रंग जुळवून देणारी एक मुलगी होती. तिच्याकडून त्याने सीमारेषेच्या खांबांसाठी पांढरा रंग आणला, आणि खांब संपले तरी तो रंग आणतच राहिला. शेवटी ताईने बोलणी लावली आणि केसांचा टोप आणला.

"तिने मला असाच पाहिलाय, ताई," मालक म्हणाला.

"पाहिलाय म्हणूनच टोप! आणि सवय होईपर्यंत कामावरही घालायचा."

"बरं," मालक म्हणाला. बरं!

मित्रांनो, मेलेला शत्रू कुणी विकत आणून तुमच्या उरावर बसवलाय का कधी? मी त्याच क्षणी सूड घ्यायचं ठरवलं. टोपाखाली ऊन येईना, तेव्हा मी नवा रंग करणं थांबवलं. जुन्या पेशी रंगासकट झडत गेल्या. आठवड्यांमागून आठवडे गेले. तोंड विटेचं, वर मी पिठाची, आणि कपाळावर अशी सरळ रेषा की मालकाने जन्मात आखली नसेल.

मुलगी आपल्या मावशीला घेऊन ताईकडे आली. चहा झाला. पंखा मंद होता. मी घाम सोडला. होता नव्हता तेवढा सगळा सोडला. टोप दोन बोटं मागे सरकला.

मुलीने कप खाली ठेवला. "इथे जोड दिसतोय."

"कसला जोड?" मालक म्हणाला.

"कपाळ एका डब्यातलं, वरचं दुसऱ्या डब्यातलं."

"उन्हाने गं," ताई घाईने म्हणाली. "मैदानावर काय ऊन असतं!"

"ऊन वरून येतं ना, ताई? मग वरचंच गोरं कसं?"

मावशीने खात्री करायला वर पाहिलं. मालकाने टोप काढून मांडीवर घेतला, मांजर घ्यावं तसा.

"रंग न्यायला यायचात तेव्हा काय वाईट होतं?" ती म्हणाली. "मला वाटायचं, इतका पक्का रंग आपल्या दुकानातसुद्धा नाही."

हे कौतुक होतं. माझं, आयुष्यातलं पहिलं. आणि ते ऐकायला मी त्या रंगात हजर नव्हते! आता तर मी कुणालाच सोडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मालक आनंदाने दिवसभर बोडका फिरला. माझ्या छत्र्या मोडीत निघालेल्या, नव्यांना वेळ लागणार, याला कुठला धीर? संध्याकाळी मी निखारा झाले. रात्री त्याला डोकं टेकवू दिलं नाही. पुढे तारीख ठरवायला मावशी आली, तोवर मी सोलायला लागले होते आणि मालकाने काळा शर्ट घातला होता.

"याला कोंडा आहे," मावशी म्हणाली.

"केसच नाहीत, मावशी. कोंडा कुठला?" ताई म्हणाली.

"तेच म्हणते मी. केस गेले तरी राहिलाय, म्हणजे किती चिवट असेल! मला नाही पटत हे स्थळ."

मालकाचा चेहरा पडला. मी धन्य झाले.

"कोंडा नाही गं, पोपडे आहेत ते," मुलगी म्हणाली. "पोपडे निघाले म्हणून कुणी घर सोडतं का?" आणि तिने पिशवीतून रुंद काठाची टोपी काढून माझ्यावर ठेवली. मावशी हसली. पुढे काय ठरलं ते मी सांगणार नाही.

मित्रांनो, उन्हाने रंगलेल्या कातडीला नावं ठेवू नका. ती तुमच्यासाठी छत्री धरून उभी असते. पण छत्री पातळ आहे, बराच मार आत जातोच. म्हणून टोपी घाला, सावली बघा. नाहीतर मी विसरत नाही, आणि माझी वसुली कधीकधी म्हातारपणी येते, सुरकुत्या, डाग नाहीतर कर्करोग होऊन.

सबब, संबंधित खात्यास विनंती की, प्रस्तुत कातडीची उघड्यावरील सेवा विचारात घेऊन तिची बदली तात्काळ काखेत करण्यात यावी. आणि बदली होईपर्यंत सूर्याने दुपारी मैदानाऐवजी फक्त ताईंच्या डोक्यावर तळपावे, असे लेखी आदेश त्यास देण्यात यावेत.